अर्ज मुलांनाच देऊ द्या, पण आधी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा

तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखाली तुम्ही उतरवून दिलेला मुलांचा अर्जही वाचला. मला समजलं ते असं. तुमची लेक सोलापुरात पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीत आहे. तिला अल्पदृष्टी आहे, चष्मा लावूनही पुरतं दिसत नाही. तिच्याच वर्गातला एक मुलगा दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. दोघांनी आपलं आपण ठरवून मुख्याध्यापकांना द्यायला अर्ज लिहिला आहे. तुम्हाला धाकधूक आहे की शाळा दुखावेल. पुढच्या वर्षी दहावी, तोंडी आणि अंतर्गत गुण शाळेच्या हातात. शिवाय "इथं जमत नसेल तर विशेष शाळेत घाला" असं कुणी तोंडावर म्हणालं तर काय करायचं? म्हणून तुम्ही विचारता: तिला थांबवू, जाऊ देऊ, की मीच जाऊन बोलू?

मी सोलापुरात 22 वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. माझं मूळ प्रशिक्षण अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठीचं. कर्णबधिर मुलांबरोबर काम करायला नंतर शिकले, त्यातलं बरंचसं त्या मुलांनीच शिकवलं. त्यामुळे तुमच्या मुलीबद्दल जरा जास्त खात्रीने बोलेन, तिच्या मित्राबद्दल थोडं जपून.

माझं उत्तर असं: जाऊ द्या. तुम्ही सोबत जा, त्या मुलाच्या आईवडिलांनाही न्या, पण बोलू द्या मुलांना. मात्र अर्ज आत्ता जसा आहे तसा देऊ नका.

कारण सांगते. "आम्हाला मदत करावी, सगळ्यांनी समजून घ्यावं" ही अर्जातली पहिली दोन वाक्यं. ती खरी आहेत, पण ती वाचून मुख्याध्यापक काय करतील? चांगले असतील तर पाठीवर हात ठेवतील, म्हणतील "करू हं बाळांनो", आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सगळं पूर्वीसारखंच चालेल. त्यात कुणाचा वाईटपणा नसतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला "समजून घ्या" या शब्दांतून हाताने करण्यासारखं काही मिळतच नाही. तेव्हा बोलावं की गप्प बसावं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मुलांना नेमकं काय हवं ते त्यांचं त्यांना माहीत आहे का, आणि शिक्षकाला उद्या सकाळी करता येईल अशा शब्दांत ते सांगता येतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

हे मोठ्यांनीच ठरवून का टाकू नये, ते मी माझ्या एका चुकीतून शिकले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा माझ्याकडे होता. त्याला डोळ्याच्या पडद्याचा आजार होता, बाजूची नजर हळूहळू मिटत चालली होती, नळीतून बघावं तसं त्याला दिसायचं. मी शाळेला चिठ्ठी लिहिली: पहिल्या बाकावर बसवा. पोरगा सारखा तिसऱ्या-चौथ्या बाकावर जाऊन बसायचा, सर त्याला उठवून पुढे आणायचे, बोलणीही बसायची. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, त्याला अभ्यासच नको आहे." मग मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पुढं बसलं की फळ्याचा एकच तुकडा दिसतो. मागं बसलं की सगळा फळा बसतो डोळ्यात." त्याची मधली नजर चांगली होती, घेर अरुंद होता. जितकं लांब बसावं तितका जास्त फळा त्या घेरात मावायचा. ही साधी गोष्ट मला प्रशिक्षणात शिकवलेली होती, तरी चिठ्ठी लिहिताना मी त्याला विचारलं नाही. दोन महिने त्या मुलाने माझ्या सहीच्या कागदामुळे बोलणी खाल्ली. तेव्हापासून मुलाला विचारल्याशिवाय मी एकही शिफारस लिहिलेली नाही.

तुमच्या मुलीचं उलट असू शकतं. मधली नजर धूसर असेल तर पुढचाच बाक हवा. अल्पदृष्टी हा एकच शब्द आहे, पण त्याखाली दोन मुलं सारखी नसतात. कायद्याच्या व्याख्येतसुद्धा दोन वेगळ्या वाटा आहेत: चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरूनच दिसणं) पेक्षा कमी ते 3/60 पर्यंत असणं, किंवा नजरेचा घेर 40 अंशांपेक्षा कमी ते 10 अंशांपर्यंत असणं. प्रमाणपत्रावर टक्का लिहिलेला असतो. वर्गात नेमकं कुठे अडतं ते त्यावर लिहिलेलं नसतं. ते तुमच्या लेकीलाच ठाऊक.

आता त्या अर्जातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं. तिसरं वाक्य तुमच्या मुलीचं दिसतं: "फळ्यावर लिहिताना सरांनी बोलत जावं." चौथं त्या मुलाचं: "फळ्याकडे तोंड करून बोलू नये." दोन्ही मागण्या शंभर टक्के बरोबर आहेत आणि दोन्ही एकमेकींना छेद देतात. सर लिहिता लिहिता बोलले तर मुलीला कळेल, पण त्यांचे ओठ फळ्याकडे असल्याने मुलाला काहीच कळणार नाही. न बोलता लिहीत राहिले तर मुलगी उपाशी. शिक्षकाने हा कागद वाचला तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, "मी करू तरी काय?" आणि मग दोघांचंही राहील.

मुलांना समोरासमोर बसवा आणि हे त्यांनाच सोडवायला सांगा. माझ्याकडच्या मुलांनी एकदा असंच बसून काढलेला मार्ग तीन शब्दजोड्यांचा होता: आधी लिहा, मग वळा, मग बोला. लिहून झालं की वर्गाकडे तोंड करायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. मुलीला ऐकू येतं, मुलाला ओठ दिसतात, आणि वहीत उतरवायला बाकीच्या वर्गालाही दोन क्षण जास्त मिळतात. याला पैसा लागत नाही, विशेष शिक्षक लागत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. अर्जात पहिली मागणी ही ठेवा. दोघांची मिळून एक मागणी असली की ती एका मुलाची अडचण राहत नाही, वर्गात शिकवण्याची रीत होते. खिडकीचंही तसंच. शिक्षक खिडकीसमोर उभे राहिले की मागच्या उजेडाने त्यांचा चेहरा काळा पडतो. मुलाला ओठ दिसत नाहीत आणि मुलीचे डोळे दिपतात. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन माहीतच आहे तुम्हाला.

आता मुलीची तयारी. एक संध्याकाळ मोकळी ठेवा. तिची मागच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका घ्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा कुणाच्या संगणकावर तोच मजकूर 16, 20 आणि 24 पॉइंटमध्ये छापून आणा. एकेक प्रत तिला दहा मिनिटं वाचू द्या. एक ओळ वाचून "हो दिसतंय" म्हणायला काही लागत नाही, दहा मिनिटांनी काय होतं ते बघायचं. डोळ्यातून पाणी येतं का, मान किती वाकते, ओळ हरवते का. आणि खूप मोठं अक्षर म्हणजे जास्त चांगलं असंही नसतं. एका मर्यादेपुढे ओळीत तीन-चारच शब्द मावतात, डोळा सारखा पुढच्या ओळीवर न्यावा लागतो आणि वेग उलट कमी होतो. तिचा आकार तिला सापडू द्या.

देवनागरीत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे लक्ष ठेवा. अक्षरं दिसतात, पण अनुस्वार, रफार, उकार हरवतात. "भांडे" आहे तिथे मूल "भाडे" वाचतं आणि आपण म्हणतो वाचन कच्चं आहे. गणितात 2.5 मधला बिंदू गेला की ते 25 होतं, वर लिहिलेला घातांक दिसलाच नाही तर अख्खं उदाहरण चुकतं, आणि पद्धत बरोबर असूनही गुण जातात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात, म्हणून अक्षर मोठं करताना दोन ओळींमधली जागाही वाढवायला हवी. ती चुकते कुठे याची तिच्याच जुन्या उत्तरपत्रिकांमधून चार-पाच उदाहरणं काढा. त्या उत्तरपत्रिका अर्जाला जोडा. मुख्याध्यापकांना दहा वाक्यांपेक्षा ती चार उदाहरणं जास्त पटतील.

शाळा म्हणेल, "ए-4 चा ए-3 झेरॉक्स काढून देऊ." हे नाही म्हणण्यासारखं नाही, पण त्याचा हिशेब माहीत असू द्या. ए-4 वरून ए-3 केलं की अक्षर 141 टक्के होतं, म्हणजे 12 पॉइंटचं साधारण 17. मूळ प्रत पुसट असेल तर पुसटपणाही तेवढाच मोठा होतो. शिवाय तो मोठा कागद बाकावर मावत नाही, उत्तरपत्रिका ठेवायची कुठे? तिला 20 लागत असेल तर संगणकावरच आकार बदलून एक प्रत जास्त काढणं बरं. पेपर फुटण्याची शंका येईल, ती गैर नाही. त्यावर मुलीने एवढंच म्हणावं: बाकीच्यांची प्रश्नपत्रिका ज्या संगणकावरून निघते त्याच संगणकावरून, त्याच वेळी माझी निघू दे. सोबत बाकावर ठेवायला लाकडाचं उतरतं स्टँड सुताराकडून करून घ्या. कागद डोळ्यांजवळ येतो आणि मानेचं दुखणं जातं.

त्या मुलाबद्दल त्याच्या घरच्यांशी बोला. लोकांना वाटतं श्रवणयंत्र लावलं की चष्म्यासारखं काम झालं. तसं होत नाही. यंत्र सगळेच आवाज मोठे करतं: पंख्याचा, बाक सरकवल्याचा, शाळेच्या मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खटखटीचासुद्धा. बोलणारा एक-दोन मीटरवर असेल तर ते चांगलं चालतं, वर्गाच्या पलीकडच्या टोकाकडून बोललेलं त्या खटखटीत मिसळून जातं. उरलेलं मूल ओठांवरून जोडतं, आणि ओठ फसवतात. प, ब, म या तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. माझ्याकडच्या आठवीतल्या एका मुलीने हे शिक्षकांच्या खोलीत करून दाखवलं होतं. चिठ्ठीवर शब्द लिहून घडी घालून ठेवली, आवाज न काढता तो नुसत्या ओठांनी म्हणाली आणि शिक्षकांना ओळखायला लावलं. शब्द होता "माळ". कुणी म्हणालं बाळ, कुणी म्हणालं पाळ. तिने चिठ्ठी उघडली आणि म्हणाली, "मला दिवसभर असंच असतं." त्या दिवसानंतर तिच्या वर्गात कुणी फळ्याकडे तोंड करून शिकवलं नाही असं मी म्हणणार नाही, सवय एकदम जात नाही. पण तिने हात वर करून फळ्याकडे बोट दाखवलं की शिक्षक लगेच वळायचे. त्या मुलालाही असं काही करून दाखवता येईल. मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं असतं तरी एवढं पोचलं नसतं.

पूर्व भागात आणखी एक अडचण असते, ती शाळेला बहुधा ठाऊक नसते. अनेक घरांत बोलणं तेलुगूत, शाळा मराठीत. म्हणजे हे मूल घरी एका भाषेचे ओठ वाचतं आणि शाळेत दुसऱ्या. त्याच्या मराठीतल्या चुका बुद्धीच्या नसतात. त्याच्या घरी असं असेल तर हेही अर्जात एका वाक्यात येऊ द्या.

हे सगळं हाताशी आलं की अर्ज आपोआप बदलतो. मुलीचा भाग साधारण असा होईल, शब्द तिचे असू द्या: "सर, मला पहिल्या बाकावरून फळ्यावरची मोठी अक्षरं दिसतात, पण दशांशचिन्ह आणि घातांक दिसत नाहीत. नेहमीची छापील प्रश्नपत्रिका दहा मिनिटं वाचली की डोळ्यांतून पाणी येतं. 20 पॉइंटमध्ये, ओळींत जास्त जागा ठेवलेली असली तर मी अर्धा तास न थांबता वाचू शकते, हे मी घरी करून पाहिलं आहे. पुढच्या घटक चाचणीपासून मला तशी प्रत मिळावी. ज्या तासाला फळ्यावर जास्त आकडे असतात त्या तासानंतर सरांची किंवा मैत्रिणीची वही मला घरी नेऊ द्यावी. आपण एक महिना असं करून बघावं आणि महिन्याने आम्हाला पुन्हा पाच मिनिटं द्यावीत." यात "मदत" हा शब्द नाही. कधीपासून, काय, किती, आणि जमतंय का हे कधी बघायचं, एवढं आहे. "करून बघू" म्हटलं की शाळेलाही नाही म्हणणं जड जातं.

कायदा खिशात ठेवा, अर्जाच्या पहिल्या ओळीत नको. पण तुम्हाला तो नीट माहीत हवा, कारण तुमच्या भीतीचं अर्धं उत्तर त्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 16 नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत. अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि संवादाच्या साधनांतून शिकवायचं आहे. कलम 17 परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट यांबद्दल आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं विनामूल्य देणंही त्यातच येतं. आणि कलम 31: अशा मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती मुलाची. "विशेष शाळेत घाला" असं कुणी म्हणालं तर मुलीने शांतपणे म्हणावं, "मला इथंच शिकायचं आहे, सर." विशेष शाळांबद्दल माझ्या मनात आदर आहे. ब्रेल किंवा सांकेतिक भाषा मुळापासून शिकायची असेल तर काही मुलांसाठी ती वाट फार चांगली असते. पण ती निवडण्याची गोष्ट आहे, ढकलण्याची नाही.

मुलांनी स्वतः बोलण्याबद्दल विचाराल तर त्यालाही आधार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने 2007 मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच्या सातव्या अनुच्छेदात म्हटलं आहे की दिव्यांग मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि तो वापरता यावा म्हणून त्यांना साहाय्य मिळायला हवं. तुम्ही सोबत बसणं हे ते साहाय्य.

तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. अंतर्गत गुण शाळेकडे असतात हे खरंच आहे. माझ्या अनुभवात अशा अर्जानंतर काही दिवस एखादे शिक्षक तुटक वागतात, हे मी पाहिलं आहे. मुलांना ते जाणवतं आणि लागतं. म्हणून मुख्याध्यापकांच्या आधी वर्गशिक्षकांना भेटा. त्यांना अर्ज दाखवा, त्यांनी सुचवलेला एखादा बदल मान्य करा. आपल्याला डावलून वर तक्रार गेली असं वाटलं की माणूस दुखावतो, आधी विचारलं तर तोच माणूस बाजूने बोलतो. मग अर्जाच्या दोन प्रती करा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारीख, शिक्का, आवक क्रमांक घालून पोच घ्या. पोच मागणं म्हणजे भांडण नव्हे, कार्यालयात रोज शेकडो कागदांना ती मिळते. हे काम तुमचं. मुलांनी बोलायचं, तुम्ही कागद सांभाळायचा.

दहावीचं आत्ताच बोलून ठेवा. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो, सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत तिथे जातात. मंडळाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक हवा का, हे मात्र मुलीला ठरवू द्या. लेखनिकाला सांगणं ही वेगळी कला आहे. मी अशी हुशार मुलं पाहिली आहेत ज्यांनी दहावीच्या पेपरला पहिल्यांदाच कुणाला तरी उत्तर सांगितलं, आणि पहिला अर्धा तास "कुठे स्वल्पविराम, कुठे नवी ओळ" यातच गेला. तिला मोठं अक्षर आणि जादा वेळ पुरत असेल तर लेखनिक नकोच. लागणार असेल तर नववीच्या वार्षिक परीक्षेपासून सवय करा. भाषांतून मिळणारी सूट घ्यायची का, तेही पुढे तिला काय शिकायचं आहे ते विचारून ठरवा. आज सोपी वाटणारी सूट अकरावीला वाट अडवू शकते. आणि त्या मुलाच्या भाषेच्या तोंडी परीक्षेचं काय करायचं, लेखी पर्याय की समोरासमोर हळू बोलून, हे शाळेला आत्ताच लेखी विचारा. तिथले गुण त्याच्या कानांमुळे जाऊ नयेत.

दोघांकडे स्वावलंबन कार्ड, म्हणजे यूडीआयडी हे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर लगेच अर्ज करा, कारण बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो. टक्का 40 च्या खाली आला तर निराश होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं आहे की 40 टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारता येणार नाही, आणि वाजवी सोय ही त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे बेतायची असते. शाळेची वाजवी सोयींची जबाबदारीही त्या टक्क्याला बांधलेली नाही.

काही गोष्टी मात्र इथून सांगता येणार नाहीत. मुख्याध्यापक कसे आहेत, संस्थेचं वजन कुठे आहे, वर्गात किती मुलं आहेत, यावर बरंच ठरेल. सगळ्यात जास्त ठरेल ते मुलीच्या मनावर. सगळ्या वर्गाला कळलेलं तिला चालणार आहे का? माझ्याकडे सातवीतली एक मुलगी होती, भिंग लावून छान वाचायची, पण वर्गात ते दप्तराबाहेर काढायची नाही. मी वर्षभर आग्रह केला नाही. आठवीत तिने आपणहून काढलं. तुमच्या लेकीने ऐन वेळी "मला नाही बोलायचं" म्हटलं तर तेही तिचंच उत्तर आहे. अर्ज दप्तरात राहू द्या.

महिना झाला आणि काहीच हललं नाही, तर आधी शिक्षण विभागाच्या शहर साधन केंद्राकडे समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवण्याच्या कामातल्या, विशेष शिक्षकांची शाळाभेट मागा. बाहेरचं माणूस येऊन शिक्षकांशी बोललं की पुष्कळदा तिथेच सुटतं. त्यानंतर जिल्हा परिषदेचे माध्यमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, आणि अगदीच वेळ आली तर पुण्यातलं राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीची पोच जोडायची. माझ्या हातून गेलेल्या अर्जांपैकी शेवटच्या पायरीपर्यंत जावं लागलेले फार थोडे आहेत.

भेटीच्या दिवशी एवढं बघा. त्या मुलाच्या दप्तरात श्रवणयंत्राच्या सुट्या बॅटऱ्या असू द्या, नेमक्या त्याच वेळी संपतात. मुलीजवळ मोठ्या अक्षरात छापलेली स्वतःची प्रत असू द्या, म्हणजे तिला अर्ज पाठ करून बोलावं लागणार नाही. आत गेल्यावर तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीवर बसा, टेबलासमोर मुलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे खिडकी असेल तर, आणि बऱ्याच कार्यालयांत असते, अर्ज काढण्याआधी मुलांनीच म्हणावं, "सर, उजेडामुळं तुमचा चेहरा दिसत नाहीये, आम्ही या बाजूला बसू का?" सर "बसा की" म्हणतील, तेव्हा मुलांनी खुर्च्या उचलून सरकवाव्यात आणि मग पहिलं वाक्य बोलावं.